बटण दाबताक्षणी

कुंभारीजवळच्या साखर कारखान्यात सकाळी नवा ड्राइव्ह जळाला आणि दुपारपर्यंत त्याचं खापर इंजिनिअर महेश्वरीच्या डोक्यावर फुटलं. उसाचे तुकडे करणाऱ्या अवजड मोटारीचा वेग कमीजास्त करणारं ते कपाटाएवढं यंत्र तिनंच निवडलं होतं. संध्याकाळी चेअरमन येणार होते.

"मोटारीच्या मानानं लहान घेतला म्हणतात," प्रभुलिंग म्हणाला. खासगी तपासात तो हेमावतीताईंचा जोडीदार. पण महेश्वरी त्याची धाकटी बहीण. आज त्याचं डोकं चालत नव्हतं.

शेजारची ऊस गाळणारी दुसरी मिल चालूच होती. दोघं गाडीतून उतरून बोलेपर्यंत काचेवर उसाचा भुसा साचला.

सकाळी ड्राइव्ह चालू करणारा ऑपरेटर सिद्धाप्पा सांगू लागला. "बटण दाबलं, ताई. मोटार हललीबी न्हाय, तवर धाडकन आवाज."

"ऊस टाकला होता?" हेमावतीताईंनी विचारलं.

"न्हाय की. रिकामीच हुती."

महेश्वरीचे डोळे सुजले होते. "उसाचा भार, इथला उन्हाळा, सगळं धरून एक माप मोठाच घेतला होता. अण्णा, माझं चुकलं का?"

प्रभुलिंग तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

जोडणीचा ठेकेदार शिवपुत्र म्हणाला, "आमच्या कामात खोट न्हाय. मोटारीचा जुना कपॅसिटर, वीज साठवतो तो, काढा म्हणल्या मॅडम, तो मी परवाच काढला. बघा की."

मोटारीशेजारच्या बिनझाकणाच्या डब्यात भुसाच भुसा होता. मधे कपॅसिटरचे तीन नळे बसायचे, त्या गोल जागा तेवढ्या चकचकीत.

"रिकामाच आहे," म्हणून प्रभुलिंग पुढं निघाला. हेमावतीताई मात्र वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावलं.

"ड्राइव्ह लहान असता, तर भार वाढल्यावर थकला असता. हा मोटार हलायच्या आत, रिकामी असताना गेला. म्हणजे निवड चुकलेली नाही. ड्राइव्ह वीज बारीक बारीक तुकड्यांनी सोडतो. वाटेत कपॅसिटर असला, तर तो प्रत्येक तुकडा भसकन ओढतो आणि ड्राइव्ह फुटतो."

"पण कपॅसिटर तर परवाच काढलाय," प्रभुलिंग म्हणाला.

"उतरून बोलेपर्यंत गाडीची काच भुशानं भरली. परवापासून उघड्या असलेल्या जागा चकचकीत कशा राहतील? स्फोट झाल्यावर, अगदी आत्ता काढलाय तो. शिवपुत्र, कुणी काढला?"

शिवपुत्रनं हात जोडले. "इसरलो हुतो, ताई. एवढं मोठं काम पयल्यांदाच मिळालं. आवाज झाला तसं आटवलं, आन् तुमी येताय म्हणल्यावर आत्ताच गडबडीत काढून टाकला."

प्रभुलिंगला त्याची गचांडी धरावीशी वाटली. महेश्वरी मात्र शांतपणे शिवपुत्रसमोर जाऊन उभी राहिली.

"अजून कुठल्या मोटारीचा राहिलाय?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "पंपाच्या."

"त्याचा ड्राइव्ह तर पंपावरचा ऑपरेटर शिवकुमार आत्ताच चालू करायला गेलाय," सिद्धाप्पा पुटपुटला.

प्रभुलिंग पंपघराकडे धावत सुटला. दारातूनच त्यानं हाक मारली, तेव्हा शिवकुमारचं बोट बटणावर टेकलं होतं.

शिवकुमारनं वळून पाहिलं आणि हात मागं घेतला. "काय झालं, साहेब?"

प्रभुलिंगला दम लागला होता. त्यानं नुसतं पंपाच्या मोटारीशेजारच्या कपॅसिटरच्या डब्याकडं बोट दाखवलं.