तीनशे चौदाचा घेर

"अहो, जरा हे टोक धरता का? माझे हात पुरत नाहीत."

आवाज झाडापलीकडून आला. माणूस काही दिसेना. दिसत होतं ते बुंध्याला वळसा घालून आलेलं पिवळ्या टेपचं टोक, आणि ते धरलेली चार बोटं.

तिने वही काखेत मारली आणि बुंध्याला कवेत घेतलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, पण त्या झाडाखाली थेंब पोचत नव्हता. गार सालीला गाल टेकला, बोटं पुढे सरकली… आणि पलीकडच्या बोटांना लागली.

"तीनशे चौदा," आवाज म्हणाला. मग जरा थांबून — "धरून ठेवा हं. खात्री करून घेतो."

"झाली की सांगा."

"एवढ्यात नाही व्हायची."

तो मोजणीदार होता. ती आर्किटेक्टच्या कचेरीत बागांचे आराखडे काढायची. नवी इमारत बांधायची तर कुठलं झाड राहणार, कुठलं नवं लागणार, याचा नकाशा अर्जाला जोडावा लागे. सगळं हातानं, चुकलं की शाई ब्लेडनं हलकेच खरवडायची. स्वतःच्या सहीचा हा तिचा पहिलाच नकाशा होता, आणि ते जुनं झाड राखायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

घरी वहिनीने तिच्या गालावरची सालीची खूण पाहिली. "झाड मोजून आलात की मोजणीदार?"

"वहिनी, काहीतरीच!" म्हणत ती आत पळाली.

आठवड्याने त्याचा तक्ता आला. झाडापुढे नुसता सेंटीमीटरचा आकडा — ३१४. त्या दिवसाची तिला बोटं तेवढी आठवत होती, आकडा नाही. नियम असा, की खोडाच्या जाडीच्या बारापट अंतरापर्यंत खोदायचं नाही. तिने कंपास फिरवला, आणि वर्तुळाने निम्मी इमारत गिळली.

जागेचा मालक मात्र खूश झाला. "बघा! तुमचाच कागद सांगतोय, झाड आणि इमारत एकत्र नांदायची नाहीत. झाड काढायचीच परवानगी मागू."

तिने तीनदा गणित तपासलं. गणित बरोबर होतं. ज्याला वाचवायचं, त्याच्याच मुळावर तिचा नकाशा उठला होता.

परवानगीच्या सुनावणीच्या दिवशी ती नकाशाची गुंडाळी घेऊन वृक्ष समितीच्या दाराबाहेर उभी होती. तो आला, हसला, म्हणाला, "बघू तरी आपलं झाड." गुंडाळी उलगडली, आणि त्याचं हसू मावळलं.

"अहो… खोड तीन मीटर जाड?"

"तुम्हीच लिहिलंत."

"तो घेर होता! जाडी जेमतेम एक मीटर. एवढं जाड असतं, तर त्या दिवशी आपली बोटं…"

तो थांबला. तिचे कान तापले.

"लागली होती," ती हळूच म्हणाली.

"लागली होती ना?"

"म्हटलं ना, लागली होती!"

आतून पुकारा झाला. मालक ऐटीत आत गेला. पाठोपाठ ती. सही तिची होती. चूक कबूल केली तर पुढचा नकाशा कोण देणार? पण गप्प बसलं तर झाड जाणार. तिने नकाशा फळ्यावर लावला आणि समितीच्या अध्यक्षबाईंना एका दमात सांगून टाकलं — "बाई, हा नकाशा चुकलाय. घेराचा आकडा मी जाडी म्हणून धरला. चूक माझी."

"माझी," मागून तो म्हणाला. "घेर हा शब्द लिहायचा राहिला."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. "तीनशे चौदा घेरच कशावरून?"

"झाड दोघांच्याच कवेत मावलं, बाई," ती म्हणाली. "बोटांना बोटं लागली."

सभागृहात खसखस पिकली. तिने मात्र पिशवीतून कंपास काढला आणि सगळ्यांदेखत नवं वर्तुळ ओढलं — बारा मीटरचं. इमारतीला धक्काही लागेना. फक्त फाटकापासूनचा रस्ता आड येत होता. पेन्सिलीच्या एका वळणाने तिने तो झाडाला वळसा घालून नेला.

"रस्ता वाकडा होईल!" मालक ओरडला.

"होऊ द्या की," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि शिक्का उचलला. "झाड राहील. मंजूर."

पायऱ्या उतरताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. तो मागोमाग धावत आला.

"एवढा एक शब्द विसरलात कसे हो?" तिने दटावलं.

"लिहायच्या वेळी तुम्ही झाडामागून बाहेर आलात. गालावर सालीची नक्षी होती…" त्याने मान खाली घातली. "पुढचं काही सुचलंच नाही. आता कायमचं टोक धरता का?"

"धरते. पण लिहायचं काम माझं!"

त्या वाकड्या रस्त्यावर गाडी मागे घेताना लोक आजही करवादतात. आणि वर्षातून एकदा पिकल्या केसांची दोघं तिथे येतात, झाडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. हल्ली बोटं काही केल्या पोचत नाहीत. झाड फार सुटलंय.

"तीनशे नव्वद," पलीकडून आवाज येतो.

"काय तीनशे नव्वद?" ती दरडावते.

"घेर हो, घेर!"

मग ती वहीत लिहिते. आधी शब्द, मग आकडा.