शेवटच्या प्रुफाचा हुंकार

नौपाड्यातल्या त्या दोन खोल्यांत प्रुफं तपासायची रीत ठरलेली होती. दक्षता बाहेर बसून हस्तलिखित मोठ्याने वाची. तिचे वडील दामाजी आत, खिडकीपाशी, छापील प्रुफावर नजर ठेवत. वाक्य जुळलं की आतून "हं". चूक असली की शांतता, आणि लाल शाईच्या निबेची कुरकुर. चाळीस वर्षांत त्यांनी लेखकाचा एक शब्दही स्वतःच्या मनाने बदलला नव्हता.

त्यांना जाऊन आज चौथा दिवस. चारच पानं उरली होती. बाबांचं काम अर्धवट जाऊ नये, म्हणून दक्षता भर दुपारी एकटीच वाचायला बसली.

कादंबरी लाजरची. बायबलात चार दिवसांपूर्वी मेलेल्या लाजरला येशू हाक मारून उठवतो. या लेखकाने येशूला गावात पोचूच दिलं नव्हतं. शेवटी बहीणच गुहेपाशी हाक मारते, आणि तो उठून येतो. हस्तलिखित आधीच वाचलेल्या दामाजींना ते पटलं नव्हतं. "सगळ्या पुस्तकातून देव काढला आणि शेवटी घाबरला बघ," ते म्हणालेले. "गेलेल्याला हाक मारू नये गं."

तिने पहिलं वाक्य वाचलं.

"हं."

दक्षता भौतिकशास्त्र शिकलेली. तिने आधी मागच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडणाऱ्या आईला विचारलं. "मी कशाला हं म्हणू?" आई म्हणाली, आणि तिचा हात सुपातच थांबला. खालचा दवाखाना दुपारचा बंद, म्हणजे आवाज तिथूनही आला नव्हता. मग दक्षताने मुद्दाम चुकीचं वाचलं : लाजरला जाऊन तीन दिवस झाले होते.

शांतता.

मग बरोबर वाचलं : चार दिवस झाले होते.

"हं."

उठून पाहिलं तर हे थांबेल, एवढंच तिला कळत होतं. ती पुरवून पुरवून वाचत राहिली. शेवटच्या पानावर आली.

"बहीण गुहेपाशी बसून राहिली."

"हं."

पुढचं वाक्य तिने वाचलं नाही, बाबांनाच विनवून म्हटलं.

"ऊठ. घरी चल."

काहीच नाही. मग निब कुरकुरली.

ती आत धावली. खुर्ची रिकामी. प्रुफात त्या वाक्यापासून शेवटापर्यंत लाल रेघ होती, समासात वगळण्याची खूण. बोटाला ओली शाई लागली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर येऊन बसली. आवाज सावरून तिने पुन्हा वाचलं.

"बहीण गुहेपाशी बसून राहिली."

"हं."

मग आत पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला.