सकाळी सातचं ‘आहे’

त्या सकाळी कंपनीचा मेल सर्व्हर चार वेळा मेला, आणि अकरा हजार माणसांपैकी एकालाही त्याचा पत्ता लागला नाही. म्हणून तर स्वरदा नेहेते खुशीत होती. चारही वेळा तिनंच त्याला मारलं होतं.

नाशिकच्या त्या पंप बनवणाऱ्या कंपनीत तिचं काम एकच : टपाल थांबू द्यायचं नाही. २०४१ साली ऑर्डरी, रजा, तक्रारी, कुठल्या धरणावरचा पंप कधी चालू करायचा याचे निरोप, सगळं त्याच एका वाटेनं जाई. वाट अडली की कारखाना अडला. म्हणून सर्व्हर दोन होते, एक नाशिकला आणि दुसरा नागपूरला. आलेलं प्रत्येक पत्र दोघांकडेही उतरायचं. शिवाय नाशिकचा सर्व्हर दर सेकंदाला नागपूरला एवढंच कळवायचा, ‘आहे’. याला ठोका म्हणत. लागोपाठ तीन ठोके चुकले की नागपूरचा समजून जायचा, गडी गेला, आणि त्याच क्षणी काम हातात घ्यायचा. पत्र लिहिणारा आपला लिहीतच असायचा.

इतरांना हे पुस्तकातून कळलं असेल. स्वरदाला ठोका समजला तो शैलाआत्यामुळे. आई गेल्यावर आत्यानंच तिला यावलला वाढवलं. पोर पुण्याला होस्टेलवर निघाली तेव्हा आत्या म्हणाली होती, ‘‘रोज सकाळी सातला मिस कॉल देईन. उचलायचा नाही, उगाच पैसे जातात. वाजला म्हणजे मी आहे. नाही वाजला तर ये धावत.’’ पुढे मिस कॉलचा जमाना सरला, तशी आत्या मेलवर एकच शब्द पाठवू लागली : ‘आहे’. अठ्ठावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. सातला पडद्याच्या कोपऱ्यात तो शब्द दिसायचा, स्वरदा त्याकडे बघायची आणि कामाला लागायची.

आता सर्व्हर अमर झाला खरा, पण माणसं कुठे अमर असतात! कोणी रजेवर गेलं की त्याची टपालाची पेटी गप्प, आणि गिऱ्हाईक लटकलेलं. मग स्वरदानं प्रत्येक पेटीला एक पाठराखीण दिली. नवरीसोबत सासरी जाते, तिचं अडलं तर तिच्या वतीनं बोलते, ती पाठराखीण. इथली पाठराखीण म्हणजे मालकाची दहा वर्षांची पत्रं वाचून त्याच्याच बोलीत लिहायला शिकलेला प्रोग्रॅम. मालकानं चोवीस तास अक्षर लिहिलं नाही की ती लिहायला लागे. सुरुवातीला उत्तराखाली एक ओळ असायची, ‘हे पाठराखणीनं लिहिलं आहे.’ लोक रुसले. आम्ही काय यंत्राशी बोलायचं? तेव्हा स्वरदानंच ती ओळ काढून टाकली. मोडलेलं दिसू द्यायचं नाही, हीच तर तिची विद्या. चाचणीसाठी काही घरगुती पेट्याही घेतल्या होत्या. त्यात आत्याची एक, आणि तिची स्वतःची घरची एक.

तर त्या सकाळची सर्व्हर मारायची चाचणी झकास पार पडली. अहवालाला आता फक्त एक यादी जोडायची राहिली होती : सध्या कोणत्या पेट्या पाठराखणीवर चालल्यात. चहा पीत ती यादी वाचत होती. सातव्या ओळीवर तिनं कप खाली ठेवला.

शैला भंगाळे, यावल. एकोणीस दिवस.

एकोणीस दिवस आत्यानं अक्षर लिहिलं नव्हतं. पण ‘आहे’? ते तर आजही सातला आलं होतं! पाठराखणीनं पाहिलं असणार, ही बाई रोज सातला हा शब्द पाठवते, मग आपणही पाठवावा. हा शब्द म्हणजे माणसाची नाडी आहे, तो दुसऱ्यानं पाठवायचा नसतो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि शिकवायचं होतं कोणी? स्वरदानंच.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तशीच गाडी काढून ती निघाली. पाच तासांच्या वाटेत तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

फाटक उघडलं तर आत्या ओट्यावर! उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं भरताची हिरवी वांगी निवडत बसलेली.

‘‘आलीस?’’ आत्या वर न बघता म्हणाली. ‘‘फार लवकर आलीस, बाई!’’

स्वरदा पायरीवरच बसली आणि हमसाहमशी रडली. आत्यानं तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं नाक पुसलं.

‘‘न्हाणीत घसरले. शेजारची फालक वहिनी म्हणे, पोरीला फोन लावते. मी म्हटलं, खबरदार! डावा हात धड आहे माझा, पण मुद्दाम ‘आहे’ पाठवणार नाही, फोनही उचलणार नाही. बघू येते का. बोलावल्यावर काय, कोणीही येतं.’’

‘‘अगं, पण तुझं ‘आहे’ रोज येत होतं मला!’’

‘‘तेच तर! मी पाठवायची नाही, आणि तुझं पत्र यायचं, ‘आत्या, तुझं आहे मिळालं, जिवाला बरं वाटलं, जेवलीस का?’ रोज! शेवटी मी वहिनीला विचारलं, बघ गं माय, मी आहे ना?’’

दोघींना हसू फुटलं. स्वरदाचं मध्येच विरलं. ती पत्रं तिची नव्हती. चाचणीच्या गडबडीत पडद्याच्या कोपऱ्यातल्या ‘आहे’पलीकडे तिनं महिनाभर घरची पेटी उघडलीच नव्हती. म्हणजे आत्याची पाठराखीण लिहीत होती ‘आहे’, आणि स्वरदाची विचारत होती ‘जेवलीस का?’. दोघींचं अगदी छान जमलं होतं. तिनं सगळं आत्याला समजावून सांगितलं.

आत्या वांगं हातात घेऊन ऐकत राहिली. ‘‘म्हणजे सर्व्हर मेला तरी कोणाला कळू नये, ही तुझी विद्या.’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी मेले तर?’’

तिथंच ओट्यावर बसून स्वरदानं आत्याच्या पेटीची पाठराखीण काढून टाकली. मग स्वतःची काढायला गेली, तर आत्यानं तिचा हात धरला.

‘‘तुझी राहू दे.’’

‘‘आत्या, ती मी नाही गं.’’

‘‘ठाऊक आहे. पण ती रोज विचारते. तू विचारायचीस? खरं सांग.’’ स्वरदानं मान खाली घातली, तशी आत्यानं तिच्या गालावर हलकेच चापट मारली. ‘‘राहू दे. तू लिहिशील तेव्हा मला कळेलच की. माझ्या हाताखालची पोर आहेस तू.’’

दोन दिवस भरीत-पुऱ्या खाऊन स्वरदा परतली.

पुढच्या सकाळी सात वाजले. सात वाजून चार मिनिटं झाली. स्वरदानं गाडीची किल्ली उचलली, पायात चपला सरकवल्या. सातव्या मिनिटाला शब्द आला, डाव्या हातानं सावकाश टाइप केलेला : ‘आहे’. तिनं किल्ली परत खुंटीला लावली. इतकी भीती आणि इतकं सुख तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आज उत्तर आपणच लिहायचं. तिनं लिहिलं, ‘मिळालं. काळजी घे.’ पुढे काही सुचेना. पाठराखीण मालक जागा असतानाही मसुदा करून बाजूला ठेवायची. स्वरदानं तो उघडला.

‘आत्या, शुक्रवारी प्लास्टर निघणार ना? वहिनींना सोबत ने. रिक्षात उजव्या बाजूला कोणाला बसू देऊ नको, धक्का लागेल. आणि उरलेलं भरीत टाकून दे, शिळं खात बसू नको. जेवलीस का?’

शुक्रवारचं, उरलेल्या भरताचं, सगळं फालक वहिनींनी कालच मेलमध्ये कळवलं होतं. स्वरदानं तो वाचला होता, आणि विसरली होती.

तिनं दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. मग आपलं पुसलं आणि पाठराखणीचं पाठवलं.

आत्याचं उत्तर यायला बराच वेळ लागला. एका हातानं लिहायचं म्हणजे वेळ लागणारच.

‘हे मात्र तुझंच हं. म्हटलं नव्हतं, मला कळतं?’