बायसनच्या पोटातल्या तारा

"रीड, खाली ठेव तो पिस्टन! पडला ना, तर डेल्विनकाका तुझाच पिस्टन करतील!"

"अगं, बघतोय फक्त! चीज वितळावं तसा वितळलाय बिचारा!"

हेडीने चुलतभावाच्या हातातला पिस्टन काढून घेतला आणि बाकावर ठेवला. बाजूला बादलीवर बसलेली शेजारची मेव डिझेलने भरलेल्या परातीत एकेक पार्ट बुडवून ब्रशने घासत होती. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर सूर्यफुलांची शेतं फुललेली, आणि ही तिघं सकाळपासून शेडमध्ये कोपरापर्यंत काळी! पण तक्रार कोण करतो? बायसनचं इंजिन उघडलं होतं!

बायसन म्हणजे फेटर कुटुंबाचा पिकअप ट्रक. आजोबांनी जुन्या पिकअपची चेसिस लांबवून तिच्यात चक्क कापणीयंत्राचं डिझेल इंजिन बसवलं होतं. केबिनच्या मागे सरळ आभाळाकडे बघणारं धुरांडं! ऑगस्टच्या जत्रेत ट्रकांची 'ओढ' नावाची शर्यत लागायची. वजनं लादलेली लोखंडी घसरगाडी मातीतून जो सगळ्यात लांब ओढून नेईल, तो जिंकला. नॉर्थ डकोटाच्या त्या भागात बायसनला ओळखत नाही असं माणूस नव्हतं.

यंदा बायसन पहिल्यांदाच हेडीचा थोरला भाऊ लेन चालवणार होता. पण मागच्या महिन्यात टेकडीच्या रस्त्यावर, लेनच्याच हातात, इंजिन गेलं. काळा धूर, खडखडाट, आणि सगळं शांत.

"पोरानं दामटवलं!" रीडच्या बाबांनी, डेल्विनकाकांनी, निकाल देऊन टाकला. "इंजिन तापलं, पिस्टन वितळला. ओढीत मी बसणार. लेननं गवत कापावं!"

"मी दामटवलं नाही," लेन एवढंच म्हणाला. त्यावर मोठ्यांपैकी कोणाचाच विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावरही तो मान खाली घालून बसायचा. हेडीच्या जिवाला ते फार लागलं होतं. दादा खोटं बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं!

"ए, हे काय गं?" मेव एकदम म्हणाली. "नटबोल्ट ठेवायच्या थाळीला मिशा आल्यात!"

ती थाळी चुंबकाची होती. तिच्या कडेला केसासारखे बारीक, चमकते तुकडे उभे राहिले होते.

"आजोबांच्या मिशा!" रीड खिदळला.

"आजोबांच्या मिशा चुंबकाला चिकटतात होय रे, शहाण्या?" हेडीने एक तुकडा चिमटीत धरला. "तार आहे ही. मेव, आत्ता काय धूत होतीस?"

"हा टर्बो. जुना, फेकायचा."

टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. हेडीने तो उजेडात धरला. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"उंदरांनी खाल्ला की काय?" रीड म्हणाला.

हेडी जागच्या जागी उभी राहिली. "उंदीर! रीड, तू कधीकधी चुकून हुशारीचं बोलतोस!"

ती धावतच अंगणात गेली, मागोमाग ती दोघंही. आजोबा मक्याची कणसं सोलत बसले होते.

"आजोबा, हिवाळ्यात उंदीर शिरू नयेत म्हणून तुम्ही बायसनच्या हवेच्या पाइपात काय कोंबता?"

"तारेचा काथ्या. भांडी घासायचा असतो ना, तो. उंदराला तार चाववत नाही. का गं?"

"आणि तो काढायचा राहिला तर?"

"राहील कसा?" आजोबांना ते अपमानासारखं वाटलं. "काथ्या कोंबला की मी स्टिअरिंगला टोपी अडकवतो. टोपी दिसली की किल्ली फिरवायची नाही! काथ्या काढणाऱ्यानंच टोपी काढायची. माझ्या वडिलांपासूनचा नियम आहे. यंदा दुकानातली कोरी हिरवी टोपी अडकवली होती. वसंतात बघितलं तर टोपी नव्हती. म्हणजे डेल्विननं काथ्या काढलाच असणार."

हिरवी टोपी! हेडीने वळून बघितलं. कुंपणाजवळ डेल्विनकाका शेजाऱ्याशी गप्पा छाटत उभे होते. डोक्यावर झकास हिरवी टोपी!

"बाबा ती मार्चमध्ये घेऊन आले," शेडकडे परतताना रीड हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणाले, बायसनमध्ये फुकट मिळाली. फिल्टर बसवायला गेले होते तेव्हा."

"म्हणजे टोपी निघाली आणि काथ्या आतच!" मेव ओरडली. "हवाच मिळाली नाही इंजिनला! नुसतं डिझेल जळलं, म्हणून तापलं!"

"आणि सगळा काथ्या टर्बोनं चावून पुढे ढकलला," हेडी म्हणाली. "पुढे काय आहे? इंटरकूलर!"

हवा थंड करणारा तो पसरट डबा कोणी उघडलाच नव्हता. तो शेडच्या भिंतीला टेकून होता, जसाच्या तसा.

हेडी काकांकडे गेली. "काका, इंटरकूलर साफ करायला हवा. त्यात…"

"त्या डबड्याला काय धाड भरलीय? पोरांनी पार्ट धुवावेत, प्रवचनं देऊ नयेत!"

झालं! मोठी माणसं इंजिन बांधण्यात गर्क झाली. नवे पिस्टन, नवा टर्बो, नवी गॅस्केटं. ऐकून घ्यायला कोणाला, अगदी आजोबांनाही, सवड नव्हती. इंटरकूलर मात्र तसाच जागेवर चढला. इंजिन सुरू झालं, की उरलेल्या तारा थेट नव्या पिस्टनवर!

"बाबा ऐकणार नाहीत," रीड म्हणाला. "मी ओळखतो त्यांना."

"मग त्यांना सांगायचंच नाही," हेडी म्हणाली. "टोपीला सांगू दे!"

इंजिन सुरू करायच्या दिवशी गावातली निम्मी माणसं खुर्च्या घेऊन हजर झाली. हेडीच्या आईने पीचचे कुखन, म्हणजे जर्मन पद्धतीचे केक, केले होते. कापायला सुरीही मिळेना, एवढी गर्दी. काका हात धुवायला नळाशी वाकले, टोपी खांबाला लटकवून. मेवने ती अलगद उचलली, रीडच्या हातात दिली, आणि रीड खिडकीतून बायसनमध्ये अर्धा घुसला.

आजोबा केबिनमध्ये चढले. हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. स्टिअरिंगवर हिरवी टोपी!

"कोणी कोंबलाय काथ्या?" आजोबा गरजले.

"अरे, माझी टोपी!" काका ओले हात झटकत आले.

"तुझी? ही मी ऑक्टोबरात इथे अडकवली होती, डेल्विन! तू काढलीस?"

"मला वाटलं… चांगली कोरी टोपी, उगीच लटकतेय…"

"आणि काथ्या?"

काकांनी वाकून हवेच्या पाइपाकडे बघितलं.

"आजोबा, इंटरकूलरचा पाइप काढा!" हेडी ओरडली. पाइप निघाला तशी तिने दोरीला बांधलेला चुंबक आत सोडला, हलवला आणि हळूच वर ओढला. त्याला तारांचा हा एवढा झुबका लटकत होता! खुर्च्यांवरून एकच गलका उठला.

आजोबांनी तो झुबका हातात घेतला. "हे सुरू केलं असतं, तर पुन्हा सगळं गेलं असतं," ते म्हणाले. "मीसुद्धा विचारलं नाही. टोपी नाही, एवढं बघितलं आणि गप्प बसलो. नातीला दिसलं ते आम्हा दोघा शहाण्यांना दिसलं नाही. शाब्बास, हेडी! शाब्बास रे, पोरांनो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडीला आनंद झाला, पण ती तिथे थांबली नाही. घरामागे गवतकापणीचं यंत्र घरघरत होतं. ती पळत गेली आणि लेनच्या समोरच उभी राहिली.

"दादा, चल!"

"काय झालं?"

"तू दामटवलं नव्हतंस. सगळ्यांना कळलंय आता."

लेनने यंत्र बंद केलं आणि तो तिच्यामागून आला. इंटरकूलर उतरवून धुवायला घेतला होता, आणि ब्रश होता डेल्विनकाकांच्या हातात! लेनला बघून ते उठले. सगळ्या गावासमोर, बोडक्या डोक्याने.

"लेन, चूक माझी होती," ते म्हणाले. "आणि ढकलली तुझ्यावर. मला माफ कर, बाळा."

लेनने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

इंटरकूलर तीनदा धुऊन चढवला, पाइप बसला, पट्टे आवळले गेले. आजोबांनी किल्ली लेनच्या तळहातावर ठेवली. "चढ वर. जत्रेतही तूच बसायचंस."

लेनने किल्ली फिरवली. बायसन एकदा खोकला, दोनदा खोकला आणि मग असा गरजला, की बाकावरचे नट आवळायचे पाने थरथरले! धुराचा एक काळा लोट वर गेला आणि मागून स्वच्छ हवा येऊ लागली. केबिनमध्ये लेन कितीतरी दिवसांनी हसत होता. शेजारचं दार त्याने आतून ढकलून उघडलं.

"हेडी!" तो इंजिनाच्या वरताण ओरडला. "बघत काय उभी राहिलीस? चढ ना!"