तुटलेली रेघ

बाई किंचाळल्या तेव्हा पोलिसांतला मारेशाल्लो, म्हणजे जमादार, बोस्कोलो कालव्याकाठच्या लिलावघराच्या दारात कॉफी पीत उभा होता. चोरीच्या चित्रांचा तपास हेच त्याचं काम. त्यामुळे किंकाळ्यांची त्याला सवय होती.

"हे आमचं! आमच्या दिवाणखान्यातलं!"

भिंतीवर तीन कमानींच्या पुलाचं चित्र होतं, सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं. त्याच्यासमोर साठीच्या फोर्तुनाता सुल्लाम उभ्या होत्या.

"कशावरून, बाई?"

"डावीकडची तिसरी खिडकी बघा. सहा वर्षांची होते मी, विणायची सुई खुपसली होती तिथे. बाबांनी मागून ठिगळ लावून घेतलं."

चित्र उतरवलं. ठिगळ होतं.

पण लिलाववाल्यांकडेही कागद होता. त्यात लिहिलं होतं: बाईंचे वडील याकोपो सुल्लाम यांनी एप्रिल १९४३ मध्ये चित्र मिलानच्या एका वकिलाला विकलं. गेल्या वर्षापर्यंत ते मिलानमध्येच होतं, असं लिलाववाल्यांचं म्हणणं. कागदाखाली सुल्लामांची सही. साक्षीदार ओलिंदो बुसेत्तो, फ्रेमवाला. वकील कधीच वारला होता.

फोर्तुनातांनी कागद हातात घेतला. "एप्रिल?"

"विकलंय हे माहीत होतं तुम्हाला?"

"लढाई संपल्यावर ओलिंदोकाकांनी सांगितलं होतं. पण एप्रिल! साहेब, आम्ही ज्यू. डिसेंबरात आमच्या घरच्यांना जर्मनांनी नेलं. आईला, बाबांना, धाकट्या भावाला. मी तेवढी पादुआला मावशीकडे होते. बाबा म्हणायचे, स्वित्झर्लंडला निघायचं तर हातात काही नाही. शेवटी शेवटी तर दिवसभर खिडकीत उभे असायचे, विचारलं तर गप्प. एप्रिलपासून पैसे होते, तर नेलं का नाही सगळ्यांना?"

बोस्कोलोने कागदाची घडी घातली.

"दर वर्षी त्यांच्या स्मरणाचे दोन दिवे लावते मी. आईचा आणि भावाचा. बाबांचा नाही लावत. मला चित्र नको, साहेब. त्यांनी ते नक्की कधी विकलं, तेवढं सांगा."

बोस्कोलोने चित्र आडवं धरलं. दोन्ही बाजूंच्या लाकडी कडांवर, तळापासून चार बोटं वर, काळा चिकट डाग होता. त्याने वास घेतला. तोंड वाकडं केलं. मग खिशातून दोरी काढून चित्राची रुंदी मापली आणि दोरीला गाठ मारली.

ओलिंदोचं दुकान चित्रातल्या त्या पुलाजवळच, तळमजल्यावर. म्हातारा त्र्याहत्तरचा, पण हात अजून चपळ. शुक्रवार होता. दर शुक्रवारसारखी फोर्तुनातांसाठीची पावाची पिशवी दाराला तयार लटकत होती.

"ये पोरी! आणि हे कोण? कोळ्यांच्या किओज्जाचे वाटतं? तुम्हाला मासे कळतात, चित्रं कधीपासून कळायला लागली?"

"शिकतोय, आजोबा. ही सही तुमच्यासमोर झाली?"

"माझ्यासमोर."

"नंतर चित्र पाहिलंत कधी?"

"कुठलं! त्याच आठवड्यात मिलानला गेलं."

"बरं." बोस्कोलोने सहज इकडेतिकडे पाहिलं. "सहासष्टच्या पुरात तुमचंही दुकान बुडालं असेल ना?"

झालं! त्या पुराचं नाव काढलं की आमच्या गावचा माणूस ताटावरून उठून भिंत दाखवायला येतो. ओलिंदोही उठला.

"इथवर! छातीएवढं पाणी, आणि वर घरं तापवायच्या टाक्यांमधलं जळाऊ तेल तरंगतंय. ही बघा रेघ. सतरा वर्षं भिंतीला रंग लावू दिला नाही मी!"

काळी रेघ भिंतीभर फिरली होती. बोस्कोलो तिच्यावरून बोट फिरवत चालला. कोपऱ्यात जुना एप्रन टांगला होता. तो त्याने बाजूला सारला. तिथे रेघ तुटत होती. मधली भिंत स्वच्छ, पुढे पुन्हा रेघ. त्याने दोरी लावली. गाठ बरोबर दुसऱ्या टोकाला आली.

"इथे काय होतं, आजोबा?"

ओलिंदोने एप्रन पुन्हा जागेवर ओढला.

"मग मी सांगतो. इथे चित्राच्याच मापाची एक पेटी ठोकली होती, भिंतीला घट्ट. तिच्यात हे चित्र. तेल भिंतीऐवजी पेटीत शिरून चित्राच्या कडांना लागलं. समोरून तुम्ही पुसलंत, कडा राहिल्या. मिलानमध्ये समुद्र घरात शिरत नाही. म्हणजे सहासष्टला चित्र इथेच होतं आणि एप्रिलचा कागद खोटा. सुल्लाम तुमचे गिऱ्हाईक, त्यांच्या सहीच्या चिठ्ठ्या तुमच्याकडे ढिगाने. तशी सही करायला कितीसा वेळ लागणार? गेल्या वर्षी तुम्हीच ते विकलंत."

"दुकान सुटत होतं हातातून..." म्हातारा पुटपुटला.

फोर्तुनाता पुढे झाल्या. "बाबांनी तुमच्याकडे कधी आणलं?"

"नोव्हेंबरात. म्हणाले, मिळेल ते घे, पण लवकर. पोरं बाहेर काढायचीत."

"गिऱ्हाईक मिळालं नाही?"

"मिळालं होतं." त्याने मान खाली घातली. "मी म्हटलं, थोडं थांबू. गावात कुजबुज होती, तुम्हा लोकांना नेणार म्हणून..."

"आणि आम्हाला नेलं की चित्र तुमचंच."

ओलिंदो भिंतीकडे वळला.

"ते खिडकीत उभे असायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं जर्मनांवर नजर ठेवतात. ते तुमची वाट बघत होते हो, काका!"

बोस्कोलोने ओलिंदोचा दंड धरला. फोर्तुनातांनी दाराची पिशवी काढून त्याच्या बाकावर ठेवली.

"अडतीस वर्षं दर शुक्रवारी तुमच्याशी बोलले मी. बाबांशी एकदाही नाही."

बाहेर शिपायाने म्हाताऱ्याला होडीत बसवलं. बोस्कोलो बाईंकडे वळला.

"घरी सोडू तुम्हाला?"

"सोडा. पण वाटेत वाण्याकडे थांबा जरा." त्यांनी डोळे पुसले. "घरात तेल दोनच दिव्यांपुरतं आहे."