सीटवरची वाळू

सासऱ्यांनी पाना हातात धरायचं सोडलं, अशी तक्रार घेऊन कोणी खासगी तपासाला येतं, हे मास्तरांना नवीन होतं.

"बावीस दिवस झाले हे जाऊन," समोरच्या खुर्चीतली सून म्हणाली. "आता सासरेही त्याच वाटेला लागलेत. गॅरेज बंद. जेवायला बसवलं तर हात पुढे धरून बघत राहतात. 'या हातांनी' एवढंच म्हणतात. वाक्य पुरं करत नाहीत."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बाई ऐकत होत्या. त्यांनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासल्या होत्या आणि त्यानंतर स्वतः गाडी चालवायचं नाव घेतलं नव्हतं. ती कामगिरी मास्तरांकडे होती. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक, आता बाईंचे मदतनीस. काटा चाळिशीच्या पुढे गेला की ते स्वतःवरच डोळे वटारत.

हकीकत थोडक्यात अशी. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या घाटशर्यतीत गाडी पळवायचा. गाडी त्याच्या वडिलांनी, म्हणजे मिस्त्रींनी, घरच्या गॅरेजात बांधलेली. शर्यतीच्या आदल्या दिवशी चाकांची अलाइनमेंटही त्यांनीच केली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर गाडी रस्ता सोडून चिखलाच्या चरात गेली आणि तो वाचला नाही. तीन दिवसांनी क्लबने तपासणी केली, तेव्हा पुढचं डावं चाक अकरा मिलिमीटर तिरकं निघालं आणि ते वळवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे टाय रॉडचा, लॉक नट सैल. अहवालात लिहिलं, 'जुळणीतील निष्काळजीपणा'.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"नट त्यांच्याकडूनच राहिला असेल तर तसं सांगा. नसेल तर तसं सांगा. माणूस मधल्यामधे लटकलाय हो."

"हॉस्पिटलात कोण होतं?"

"डॉक्टर. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, क्लबचाही डॉक्टर तोच. सगळे कागद त्यानेच सांभाळले, मला काही वाचवेना. माझ्या हातात एक पिशवी दिली नर्सने. हेल्मेट, घड्याळ, बूट."

मास्तरांनी गाडीची किल्ली घेतली.

*

गॅरेजचं शटर सुनेने वर ढकललं. आत मिस्त्री एका उलट्या डब्यावर बसले होते. पाहुणे आले म्हणून उठले, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते विसरल्यासारखे उभे राहिले.

"अलाइनमेंट कशी करता ते दाखवा," बाई म्हणाल्या.

"आता कशाला?"

"मला येत नाही म्हणून."

शिकवायचं म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या आवाजात थोडा जीव आला. "गाडीच्या दोन्ही अंगांना दोरी ताणायची. चाकाच्या मध्याइतकी उंच. दोन्ही दोऱ्या समांतर हव्यात, त्यातच निम्मा दिवस जातो. मग दोरीपासून रिमची पुढची कड किती लांब, मागची किती, पट्टीने मोजायचं. फरक आला तो टो. चाक आत बघतंय की बाहेर, ते कळतं."

"याला मशीन असतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"असतं की. लग्नाला हॉलही असतात, तरी लोक दारात मांडव घालतात. आमची हौस."

कोपऱ्यात वाळूची पोती होती. "आणि ही?"

"हा चालक. माणूस बसला की स्प्रिंगा दबतात, चाकं हलतात. रिकाम्या गाडीचं माप खोटं. पोरगा तासन्‌तास कसा बसणार? मग त्याच्या वजनाची वाळू भरायची आणि सीटवर बसवायची. वजन तो सांगायचा, मी वाळू काढायचो."

"काढायचे?"

मिस्त्रींनी तेलकट वही पुढे केली. प्रत्येक मापाची तारीख, चारही चाकांचे आकडे, आणि शेवटच्या रकान्यात 'सीट'. या हंगामातल्या सहा नोंदी होत्या. ७४, ७४, ७३, ७०, ६६, ६१.

"वजन उतरवत होता," मिस्त्री म्हणाले. "जेवण तोडलंय म्हणाला. माझा डबा इथेच गॅरेजात असायचा, त्याचं ताट मला कुठे दिसणार. चालक हलका म्हणजे फुकटचा वेग. मी म्हटलं, शाब्बास."

"जेवण तोडलं?" सून दारातूनच म्हणाली. "काहीतरीच काय बाबा. वाढीन ते संपवायचे. ताट धुवायला नको इतकं लख्ख."

"आणि जेवणानंतर?" बाईंनी विचारलं.

"लगेच अंगणात. नळ मोठा सोडून आमची घरची गाडी धुवायची. रोज! मी म्हणायचे, अहो, सर्दी होईल तिला."

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत. मास्तरांनी मग हसू खोकल्यात जमा केलं.

"त्या नटाबद्दल सांगा."

मिस्त्रींचा चेहरा पुन्हा बंद झाला. "आवळला की पिवळी रेघ मारतो. नटावरून थेट रॉडवर. सरकला तर रेघ तुटते. रेघ मारल्याचं आठवतंय. पण आवळल्याचं आठवत नाही. हाताला सवय असते. न आवळताच रेघ मारली असेल तर?"

"डावा नट काही वेगळा आहे?"

"उलट्या आट्यांचा. सगळे नट जिकडे फिरवून आवळतात, तिकडे फिरवलं की हा सैल होतो. तो रॉड मीच तसा घडवला. हे फक्त तिघांना ठाऊक. मी, पोरगा, आणि डॉक्टर. दोन्ही कार्टी याच फरशीवर लोळून वाढली."

*

मोडकी गाडी क्लबच्या शेडमध्ये होती. सचिवांनी कुलूप काढलं आणि नोंदवही दाखवली. अपघात आणि तपासणी यांच्यामधल्या तीन दिवसांत फक्त दोघं आत गेले होते. एक डॉक्टर, एकटे, दहा मिनिटं, कारण 'हेल्मेट'. दुसरा तो 'दुसरा', स्वतःचा जॅक न्यायला, आणि त्याच्यासोबत सचिव स्वतः उभे होते.

'दुसरा' हे त्याचं नावच पडलं होतं. सहा हंगाम तो शर्यतीत दुसराच आला होता. पेशाने रंगारी. तो शेडच्या दारात टेकून उभा होता, आणि मास्तरांनी त्याला मनातल्या मनात अटकही करून टाकली.

बाई टॉर्च घेऊन चाकामागे वाकल्या. "मास्तर, याचं चित्र काढा. जसं दिसतंय तसं. तुमच्या मनचं काही घालू नका."

मास्तरांनी वही उघडली. नटावर वाळलेल्या चिखलाचा जाड थर, मधे खरवडलेला. चिखलाखाली पिवळी रेघ. रॉडवरही रेघ, पण दोन्ही तुकडे एका ओळीत नाहीत, नट अडीच फेरे सरकलेला. नट सरकून मागे जे आटे उघडे पडले होते, ते मात्र चकचकीत. तिथे काढायला काहीच नव्हतं, म्हणून मास्तरांनी कागदावर ती जागा कोरी सोडली.

"अहो," बाईंनी दुसऱ्याला हाक मारली, "हा नट तुम्हाला आवळायचा असता तर कुठे फिरवला असता? हात लावू नका, नुसतं दाखवा."

त्याने हवेत मनगट फिरवलं. जगरहाटीप्रमाणे. म्हणजे चुकीच्या बाजूला.

"त्या दिवशी तुम्ही तिसऱ्या वळणापाशी होतात?"

"माझी फेरी झाली होती. त्याची वेळ बघायला थांबलो होतो." तो घुटमळला. "पहिली दोन वळणं खालून येताना दिसली. रेघेवरून चालल्यासारखा आला. पोटात दुखलं माझ्या, खोटं कशाला बोलू. मग तिसऱ्याच्या आधी इंजिनाचा आवाजच बसला. पेडलवरून पाय निघाल्यासारखा. ब्रेक नाही, वळवणं नाही. सरळ आला आणि सरळ गेला."

बाईंनी टॉर्च विझवली.

"मला त्याला हरवायचं होतं हो," दुसरा म्हणाला. "आता क्लबवाले म्हणतात, पहिला नंबर तुझा. कोणाच्या पुढे पहिला?"

मास्तरांनी त्याची मनातल्या मनात सुटका केली. फार वेळ कोणाला कैदेत ठेवणं त्यांना जमत नसे.

*

डॉक्टरांच्या दवाखान्यात रांग होती. तरी त्यांनी लगेच आत घेतलं.

"फिटनेसचा दाखला मीच दिला," ते म्हणाले. "शर्यतीच्याच आठवड्यात. धडधाकट होता."

"वजन किती भरलं?"

"चौऱ्याहत्तर." उत्तर तयार होतं. "दाखल्यावर लिहिलंय."

"आणि शेडमध्ये?"

"हेल्मेट आणायला गेलो होतो. घरच्यांना द्यावं म्हणून. सापडलं नाही."

"शवविच्छेदनाचा अहवाल तुमच्याकडे आहे?"

"मानेचा मणका. क्लबला पहिल्या पानाची प्रत दिली आहे."

"एकूण पानं किती?"

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलून खिशात ठेवला, मग पुन्हा टेबलावर ठेवला. "तीन."

"उद्या मिस्त्रींच्या गॅरेजात या," बाई उठत म्हणाल्या. "तिन्ही पानं घेऊन."

परतताना मास्तर बराच वेळ ताशी तिसाने गाडी चालवत होते. "म्हणजे डॉक्टर? पण का? जिवलग मित्र तो!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुनेला दारातच थांबवलं. "तुमच्या सासऱ्यांच्या हातून चूक झाली नाही. तेवढंच सांगून मी जाऊ शकते. पण ते कशावरून, असं त्यांनी विचारलं तर पुढचंही सांगावं लागेल. ते तुम्हालाही जड जाईल."

सून थोडा वेळ शटरच्या कडीशी खेळत राहिली. "ते विचारणारच. मीही विचारीन. सगळं सांगा."

आत मिस्त्री डब्यावर, डॉक्टर भिंतीला टेकून. मास्तरांनी चित्राची वही मांडीवर घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"मिस्त्री, नट तुम्ही आवळला होता," बाईंनी सुरुवात केली. "गाडी चरात गेली तेव्हा नट आणि रॉड दोन्ही चिखलाने माखले. नट आधीच सैल असता, तर त्याच्यामागच्या उघड्या आट्यांतही चिखल बसला असता. ते आटे चकचकीत आहेत. म्हणजे चिखल बसला तेव्हा नट त्यांच्यावर घट्ट होता. तो सैल केला गेला नंतर, शेडमध्ये; रॉडही तेव्हाच फिरवला, म्हणून चाक तिरकं. शिवाय अकरा मिलिमीटर तिरक्या चाकाची गाडी पहिल्याच वळणाला भरकटते. ही दोन वळणं रेघेवरून गेली."

मिस्त्रींनी हात गुडघ्यांवर ठेवले. पालथे. इतक्या दिवसांत ते बहुधा पहिल्यांदाच पालथे झाले असावेत.

"कोणी केला सैल?" सुनेने विचारलं.

"शेडमध्ये दोघं गेले. एकासोबत सचिव होते, आणि त्याला उलट्या आट्यांची कल्पनाही नाही. जो एकटा गेला, त्याने कारण सांगितलं हेल्मेट. हेल्मेट तर हॉस्पिटलातच तुमच्या पिशवीत आलं होतं, आणि तिथे तुमच्या शेजारी तोच उभा होता."

कोणी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यामुळे ते अधिकच दिसत राहिले.

"आता राहिलं ते 'का'," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला. "त्याच आठवड्यात दाखल्यावर वजन चौऱ्याहत्तर, आणि या वहीत एकसष्ट. वहीत खोटं लिहून मिस्त्रींना काही मिळायचं नव्हतं. बापाला सांगितलं, जेवण तोडलंय. बायकोसमोर ताट चाटूनपुसून. आणि मग अंगणात, मोठा नळ सोडून. उलटीचा आवाज जाऊ नये म्हणून."

सून खाली बसली. जिथे होती तिथेच, फरशीवर.

"डॉक्टर, तिसरं पान."

त्यांनी लिफाफा पुढे केला, पण बाईंनी तो घेतला नाही. मग त्यांनाच बोलावं लागलं. "पोटाचा कॅन्सर. फार पुढे गेलेला. मार्चमध्ये कळलं. म्हणाला, घरी समजलं की सगळे मला जपायला लागतील, मला जपलेलं नको, हा एक हंगाम दे. मी दिला. चक्कर यायची अधूनमधून. म्हणाला, गाडीत कधी येत नाही. मी... मी मानलं."

"आणि त्या दिवशी गाडीत आली," बाई म्हणाल्या.

"दाखल्यावर माझी सही होती. चौकशी माणसाची झाली असती तर पहिला मीच. गाडीत दोष निघाला की माणसाकडे कोणी बघत नाही." ते पहिल्यांदाच मिस्त्रींकडे वळले. "काका, मला वाटलं दोष नटावर जाईल. नुसत्या नटावर. तो आवळणारे तुम्ही, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा अहवाल लिहून झाला होता. मग रोज म्हटलं, उद्या सांगतो."

"क्लबला आणि पोलिसांना हे आजच सांगायचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही गेलात तर मी जाईन."

डॉक्टरांनी मान हलवली.

मिस्त्री उठले. मास्तर अर्धवट उठले, आता हाणामारी होणार आणि ती आपल्याला सोडवता येणार नाही या खात्रीने. पण म्हातारा वाळूच्या पोत्यांपाशी जाऊन थांबला.

"चौऱ्याहत्तरचं त्र्याहत्तर केलं," ते म्हणाले. "मग सत्तर. ओंजळीने वाळू काढायचो. तेरा किलो पोरगा माझ्या हातातून गेला, मी तोलून मापून काढला, आणि वर शाब्बास म्हटलं."

"बाबा, मलाही दिसलं नाही," सून म्हणाली. "ताटाला ताट लावून जेवत होते मी."

समजूत घालण्याची बाईंना सवय नव्हती, आणि मास्तरांना ती असूनही उपयोग नव्हता.

मिस्त्रींनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं.

"दुखायचं का त्याला?"

"रात्री. फार."

"मग काय करायचा?"

"मला फोन करायचा. गाडीबद्दलच बोलायचा. कुठल्या वळणाला काय केलं. तास तास."

मिस्त्रींनी आपला डबा पायाने सरकवून त्यांच्यापुढे केला आणि स्वतः सुनेच्या शेजारी फरशीवर बसले.

"पोलिसांकडे संध्याकाळी जा," ते म्हणाले. "आधी बस इथे. मार्चपासून सांग. तो काय काय बोलायचा, सगळं. काही गाळू नकोस."

डॉक्टर बसले. त्यांनी अगदी हळू आवाजात मार्चपासून सुरुवात केली. सुनेने उठून पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून.