करंजापाशी लाँच थांबायची

"बाई, तिथं पाय नका देऊ — डिझेल सांडलंय!"

शमीमचा पाय तोवर पडलाच होता. हातातला रिकाम्या बाटल्यांचा क्रेट एकीकडे, ती दुसरीकडे... आणि दोन्हींतलं काय धरावं हे न सुचून लाँचच्या ड्रायव्हरनं क्रेट धरला. शमीम काठावरच्या चिखलात बसली.

"वा! माणसापेक्षा बाटल्या महाग वाटतं?"

"बाटल्या काचेच्या, बाई. तुम्ही..." तो गडबडला, "तुम्ही पडलात तरी फुटणार नाही, असं वाटलं."

हसायचं नाही असं ठरवून ती लाँचमध्ये चढली आणि पाठ फिरवून हसलीच.

सत्त्याहत्तर साल होतं. रावेतच्या बंधाऱ्यापासून वर नदीत जाऊन पाण्याचे नमुने आणायचे आणि जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासायचे, हे शमीमचं काम. बी.एस्सी. झालेली, पण नोकरी तात्पुरती. नवरा तापाच्या दुखण्यात गेलेला. चिंचवडला आईपाशी ठेवलेली लहानगी गुलशन, आणि कायम होण्याच्या ऑर्डरीकडे लागलेले डोळे. तिच्या आयुष्यात बाकी काही नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

ड्रायव्हरचं नाव मन्सूर. दाभोळचा, समुद्रावर वाढलेला. "ही नदी म्हणजे परातीतलं पाणी," म्हणायचा. शमीमच्या घरात दखनी चालायची, पण मन्सूरला मराठीच सोयीची, त्यामुळे दोघं मराठीतच बोलत.

दर मंगळवारी लाँच निघायची. पहिलं लांब वळण यायचं, तिथं पाण्यावर वाकलेलं करंजाचं झाड... आणि नेमकं त्याच्यापाशी इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं.

"एअर पकडली," मन्सूर शांतपणे सांगायचा. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन उपाशी मरतं. मग फिल्टरवरचा बारका स्क्रू सैल करायचा आणि खालच्या पंपाची दांडी हलवत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. तेव्हा स्क्रू घट्ट करायचा.

"दांडी तुम्ही हलवा, बाई. हळू... बाळाला झोका देता ना, तशी."

शमीमचा हात थांबला. "मला बाळ आहे, हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या पिशवीत खुळखुळा आहे. इंजिन बंद पडलं की ऐकू येतो."

तिनं पिशवी जवळ ओढली. आत गुलशननंच कधीतरी टाकलेला लाकडी खुळखुळा होता खरा.

"मन्सूरभाई, तुम्ही स्क्रूकडे लक्ष द्या."

"भाई नका म्हणू... भाई म्हटलं की हवा निघत नाही."

"मग काय म्हणू?"

"नुसतं मन्सूर. नळी लगेच मोकळी होते. बघा म्हणून."

ती म्हणाली नाही. पण त्या दिवशी बुडबुडे थांबल्यावरही तिचा हात दांडीवरून निघाला नाही. त्यानंही स्क्रू घट्ट करायला उगाच वेळ लावला. भुरभुर पाऊस पडत होता. दूर कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला. करंजाची बारीक फुलं पाण्यावरून त्यांच्याकडे येत राहिली.

शमीमची नजर बारीक. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी उतरलं तर दिसतं; ते कधीच नसायचं. मन्सूर संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवायचा. "अर्धी ठेवली की रात्री आत दव धरतं," म्हणायचा. नळीच्या एका जोडावरून तर तो दर वेळी फडकं फिरवायचा. लाँच इतकी जपणाऱ्या माणसाची लाँच बंद पडतेच कशी? आणि दर वेळी करंजापाशीच?

"त्या झाडाशी सोयरीक आहे वाटतं तुमच्या लाँचची?"

"लाँचला विचारा. मी नुसता ड्रायव्हर."

म्हणजे हाच बंद पाडतो! तिनं मनाशी निकाल लावला. रागवायला हवं होतं... तर मंगळवारच्या डब्यात तिच्याही नकळत एक चपाती जास्त यायला लागली.

"काय गं, मंगळवारचाच सुरमा?" प्रयोगशाळेतल्या विमलबाईंनी एकदा हसत विचारलं.  लोकांच्या लक्षात आलं होतं तर!

त्याच आठवड्यात मोठे साहेब, अण्णासाहेब, यांनी तिला बोलावलं. मन्सूर आधीच टेबलापुढे उभा होता.

"नमुने दर वेळी उशिरा येतात. लाँच बंद पडते म्हणतो हा. डिझेलमध्ये पाणी आहे का, तपासलंत?"

"तपासलं, सर. पाणी नाही. डिझेल स्वच्छ आहे."

प्रश्न एवढाच होता. उत्तरही तेवढंच पुरे होतं. पण तिची ऑर्डर याच महिन्यात वर जायची होती, विमलबाईंचं हसू अजून कानात होतं, आणि साहेब चष्म्यावरून बघत होते. शमीम घाईघाईनं म्हणाली, "लाँचमध्ये बिघाड काहीच नाही, सर."

मन्सूरनं एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"काय रे? मग का बंद पडते?"

तो गप्प राहिला. शेवटपर्यंत गप्प.

त्याला काढलं. जायच्या दिवशी तो काठावर उभा होता, हातात पत्र्याची पेटी. शमीम धीर करून गेली.

"का केलंत असं? का बंद पाडायचात?"

"तुम्हाला काय वाटतं?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. कागदाची एक पुडी त्यानं पुढे केली. "नव्या ड्रायव्हरला द्या. आणि गुलशन बोलायला लागली की... असू दे. जपा तिला."

"मन्सूरभाई —"

"बघा. अजून भाईच."

पुडी तिनं न उघडता पिशवीच्या तळाशी टाकली. उघडायचं धाडस झालं नाही.

नवा ड्रायव्हर कोंडीराम, रावेतमधलाच, वयस्क. मंगळवारी लाँच निघाली. वळण आलं, करंज आला... आणि इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

शमीम ताडकन उठून उभी राहिली.

"आयला, एअर पकडली की ह्यानं," कोंडीराम म्हणाला. "बाई, घाबरू नगा."

तिनं पिशवीच्या तळातून पुडी काढून उघडली. आत तांब्याची एक बारीक चकती, नळीच्या जोडात बसवायचा वायसर. कडा अजून कोरी. आणि तिला तो जोड आठवला, ज्यावरून मन्सूर दर वेळी फडकं फिरवायचा. तिनं बोट ठेवून दाखवलं. "हा... हा खोला."

आतला जुना वायसर चिरलेला निघाला.

"व्हय की! डिझेल भाईर येत न्हाई, हवा आत वढतोय. हितवर येईस्तोवर साठत आसंल." कोंडीरामनं नवा वायसर उजेडात धरला. "ह्यो वापरल्याला न्हाई, पर काळा पडलाय. लई दिस कुनीतरी खिशात घिऊन फिरलंय बघा. येड्यानं बसिवला का न्हाई?"

 म्हणजे मन्सूरनं लाँच कधी बंद पाडली नव्हती. त्यानं ती फक्त दुरुस्त केली नव्हती. हा वायसर साहेबांच्या टेबलावर ठेवला असता तर बिघाड खरा ठरला असता. पण मग, इतके दिवस बदलला का नाहीस, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. आणि त्या उत्तरात तिचं नाव होतं.

"दांडी मारता का, बाई?"

ती दांडी हलवू लागली. हळू, झोका देतात तशी. आधी फेस, मग बुडबुडे. पिशवीत खुळखुळा वाजत होता. "मन्सूर..." ती पुटपुटली. नुसतं मन्सूर. नळी मोकळी झाली होती.

कोंडीरामनं स्क्रू आवळला, इंजिन धडधडलं. लाँच करंजाला मागे टाकून निघाली.

त्यानंतर ती तिथं कधीच थांबली नाही. शमीमची ऑर्डर आली, नमुने वेळेवर यायला लागले, साहेब खूश झाले. दर मंगळवारी वळणावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि हळूच हलवून बघते.

पण इंजिन चालू असलं की खुळखुळा ऐकू येत नाही.